पायऱ्या दाखवा

नायगावच्या रात्रशाळेत सव्वासातचा तास.
फळ्याचा डावा कोपरा गुळगुळीत झालाय,
तिथे खडू धरत नाही,
म्हणून माझं प्रत्येक गणित जरा उजवीकडून सुरू होतं.

"दोन कोटिकोन. एक दुसऱ्याच्या पाचपट.
दोन्ही काढा."

शेवटच्या बाकावरचा रघुवीर पाष्टे,
वय अडतीस, सतरा नंबरचा फॉर्म,
दिवसा कंत्राटदाराकडे रस्त्यावरचे दिवे बदलणारा,
वही न उघडताच म्हणाला,
"पंधरा नि पंच्याहत्तर."

बरोबर होतं.
तरी बावीस वर्षांच्या सवयीनं बोलून गेले:
"पायऱ्या दाखव. गुण पायऱ्यांना असतात."

"चौदा आहेत, बाई," तो म्हणाला.
"खालून तिसरी जरा सैल आहे."

वर्ग हसला. मीही.
मग लिहिलं: समजा, लहान कोन क्ष.

"क्ष कोण?" शेवंता कोठेकरनं विचारलं.
"कोण नाही गं, कोन."
"तेच विचारतेय, कोण?"
शिवडीला औषधांच्या बाटल्यांवर दिवसभर लेबलं चिकटवते ती.
नाव नसलेली वस्तू तिच्या हातून पुढे सरकत नाही.

नाव शेवटी कळतं, म्हटलं. आधी नुसतं धरून चालायचं.
क्ष आणि पाच क्ष, सहा क्ष.
सहा क्ष म्हणजे नव्वद.
क्ष पंधरा.

रघुवीर न बोलावता फळ्याशी आला.
एक उभी रेघ, एक आडवी, एक तिरकी.
"शिडीवर कंपनीचा स्टिकर असतो. पंच्याहत्तर.
नसला तर अंगठे शिडीच्या पायाला लावायचे,
हात सरळ पुढे. पंजा पायरीवर टेकला की बसली शिडी.
उरलेला पंधरा वर, भिंतीपाशी.
त्याला कोणी स्टिकर लावत नाही."

मग तिरकी रेघ बोटानं पुसून
जरा आडवी काढली.
"वडाळ्याला दिनू साठवर चढला होता."
एवढंच. खडू ठेवला, जागेवर गेला.

मला काही सुचलं नाही,
म्हणून पुढचं गणित घातलं, तोंडाला येईल ते:
एक कोन दुसऱ्यापेक्षा शंभरनं मोठा.

बराच वेळ पेनांचा आवाज.
शेवंता रडवेली: "उणे पाच येतंय. माझं चुकलं."
पुन्हा केलं, पुन्हा उणे पाच.
तिचं चुकलं नव्हतं.
ते मी मोठ्यानं सांगितलं, तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं,
मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय की काय.

"उणे पाच म्हणजे शिडी भिंतीच्या पलीकडे गेली," रघुवीर म्हणाला.
आणि जरा थांबून,
"पण बाई, ते नव्वद कोणी मोजले?"

दिलेलं आहे, मी म्हटलं. कोटिकोन म्हटलं की नव्वद.

"आमच्या चाळीला तीन टेकू लावलेत म्हाडानं.
तिथे दिलेलं नाही."

घंटा झाली, नाहीतर काय उत्तर दिलं असतं
ते मला अजून ठाऊक नाही.
घरी जाताना भोईवाड्याच्या वळणावर
एक भिंत मी पहिल्यांदाच तिरक्या डोळ्यानं पाहिली.
फुटपाथ गटाराकडे कलता.
सगळा काटकोन माझ्या पिशवीत, गुण्यासारखा,
लाकडी, एक टोक झिजलेलं.

सराव परीक्षेचे पेपर आले तेव्हा
त्याचा मी मुद्दाम शेवटी ठेवला.
चौथ्या प्रश्नात त्यानं सगळं लिहिलं होतं:
समजा. क्ष. सहा क्ष. म्हणून.
एकही पायरी गाळलेली नाही,
ओळीखाली ओळ, वरून खाली उतरत गेलेली.
ताळा: पंधरा अधिक पंच्याहत्तर बरोबर नव्वद.

आणि त्याच्या खाली, पेन्सिलीनं, बारीक:
खाली धरायला एक माणूस.

लाल पेन हातात घेऊन बसले.
पूर्ण गुण तीनच होते. दिले.
त्या शेवटच्या ओळीला
ना बरोबरची खूण केली, ना खोडलं.